पडल्याशिवाय कोट नाही

शुक्रवारी सकाळी यानिक तळघरात उतरला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थबकला. कोपऱ्यातली फरशी दिसत होती. गेले दोन महिने ती कुणाच्या नजरेला पडली नव्हती, कारण तिच्यावर काळ्या प्लॅस्टिकच्या मोठमोठ्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि त्या पिशव्यांत यानिकचा अख्खा हिवाळा भरलेला होता. आता तिथे फक्त एक केरसुणी भिंतीला टेकून उभी होती.

"आई!"

"ओरडतोस काय? सूप उतू जाईल माझं," वरून उगेतचा आवाज आला.

"इथल्या पिशव्या कुठायत?"

"दिल्या."

"दिल्या? कुणाला दिल्या?"

"चर्चच्या बाजारात, काल. ऑक्टोबरपासून कानीकपाळी ओरडतेय, जुने कपडे काळ्या पिशव्यांत भरून ठेव म्हणून. म्हटलं, चला, एकदाची बुद्धी झाली."

"अगं आई, ते नवे कोट होते!"

उगेत हातात पळी घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली. "नवे? कोपरावर चिकटपट्ट्या मारलेल्या होत्या त्यांच्या. मी डोकावून बघितलं ना."

"पहिली पट्टी मीच मारून देतो. तशीच पद्धत आहे ती."

"आणि माप? एकेका कोटात दोन माणसं बसतील. मला वाटलं, आपल्या रेजाँचे असतील," उगेत म्हणाली. रेजाँ म्हणजे तिचा जावई. माणूस देहाने आणि मनाने ऐसपैस.

यानिक पायरीवरच बसला. ते बघून उगेतला धास्ती वाटली. तिने पळी खाली ठेवली आणि शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "सूप घेतोस का थोडं?"

यानिकच्या धंद्याचं नाव 'गनीय'. गनीय म्हणजे चिंधी. या सगळ्या धंद्यात प्रामाणिक असं हे एक नावच आहे, असं उगेतचं मत होतं. कापड मिळेल ते, म्हणजे गिरणीत उरलेलं आणि दुसऱ्या कुणी न घेतलेलं. ते पहिल्यापासून नेमकं पिवळ्या वाटाण्याच्या सूपच्या रंगाचं होतं, तेही कालच्या सूपच्या. शिलाई जाड दोऱ्याची आणि माप एकच, अवाढव्य. पण बेजो टेकडीच्या ज्या उतारावर पोरंपोरी स्की घालून उड्या मारतात, लोखंडी दांड्यांवरून आडव्यातिडव्या घसरतात आणि हौसेने हाडं मोडून घेतात, तिथे या कोटासाठी सगळे जीव टाकत.

कारण हा कोट मागून मिळत नसे. पैसे नंतर, आधी पडायचं. यानिक उताराच्या पायथ्याशी उभा राहायचा. कुणी दांड्यावरून दाणकन आदळलं, तरीही अंग झाडून उठलं आणि परत त्याच दांड्याकडे वर गेलं, की खाली आल्यावर यानिक मुकाट्याने त्याच्या हातात कोट ठेवायचा. जे पडून घरी गेले, त्यांना टोपीसुद्धा नाही. जाहिरात नाही, दुकान नाही, काही नाही. पण एकदा हा कोट मिळालेलं माणूस दुसऱ्या कुणाचा कोट अंगाला लावत नसे. फाटला तर रुपेरी चिकटपट्टी मारायची आणि पट्ट्या मोजत बसायचं. लग्नाच्या फोटोत हाच कोट घालून उभा राहिलेला एक नवरदेव गावात होता. त्याच्या बायकोचं त्यावरचं मत इथे लिहिता येणार नाही.

एवढं असूनही धंदा रडतखडतच चालला होता, कारण इतके पडणारे तरी आणायचे कुठून? शेवटी यानिकने आईला शब्द दिला होता: या शनिवारी टेकडीवर दांड्यांची मोठी स्पर्धा आहे, प्रांतभरातून लोक येणार आहेत, त्या दिवशी नाही जमलं, तर सोमवारपासून रेजाँच्या खिडक्या-दारांच्या दुकानात. रेजाँने त्याच्यासाठी दुकानाचं जाकीट शिवूनही ठेवलं होतं. आणि सगळं अवलंबून होतं ओफेलीवर. एकोणीस वर्षांची ही पोरगी दांड्यावर अशी चालायची की जणू घराचा ओटा पुसतेय. गळपट्टीचं हाड मोडून तिने कोट मिळवला होता. आता व्हँकुव्हरच्या एका बड्या कंपनीचा टायलर नावाचा माणूस तिच्या मागे लागला होता. ती गेली असती, तर तिच्या मागोमाग सगळा उतार गेला असता.

"आणि तुझा स्वतःचा कोट?" उगेतने सूपचा वाडगा पुढे करत सहज विचारलं.

"तोही त्यातच होता. अस्तर उसवलं होतं, शिवायला टाकला होता."

"हं," उगेत म्हणाली आणि पुन्हा पातेल्याकडे वळली.

चर्चच्या तळघरात मादाम गॅरों रिकामी टेबलं पुसत होत्या. गावच्या बाजाराचा कारभार त्या पुष्कळ वर्षं सांभाळत होत्या, आणि विकलेली वस्तू परत मागायला आलेला माणूस त्यांना दारातूनच ओळखू येई.

"पिवळे कोट? पाव तासात संपले. दोन दोन डॉलरला."

"दोन डॉलर!" यानिकला भोवळच आली.

"दीड म्हणत होत्या बायका, मीच सोडलं नाही. तुझं नाव घेऊन प्रार्थना करू का रविवारी?"

"नको. कुणी घेतले तेवढं सांगा."

"कर्लिंगवाल्यांनी. जवळजवळ सगळे."

गावच्या कर्लिंगच्या हॉलमध्ये शुक्रवारी दुपारी सत्तरीच्या पुढच्या बायकांचा खेळ असतो. गुळगुळीत बर्फावरून जडशीळ दगड सरकवायचा आणि तो नीट जावा म्हणून त्याच्या पुढे धावत धावत झाडू मारायचा, असा तो खेळ. यानिकने दार ढकललं आणि डोळे मिटून घेतले. हॉलभर वाटाण्याचं सूप पसरलं होतं. ज्या कोटांसाठी पोरांनी मनगटं मोडली, ते कोट घालून म्हाताऱ्या झाडू मारत होत्या.

"अरे यानिक! बघ कसा दिसतो!" फेर्नांद लगबगीने पुढे आली. ही उगेतची बालमैत्रीण. तिने बाह्या कापून आखूड केल्या होत्या आणि छातीवर लाल रंगाचा गोंडस पक्षी भरला होता.

"मादाम फेर्नांद, बाह्या कापल्यात?"

"हात सापडेना माझा. पण बाकी झकास! मागून सगळं झाकतो. बर्फावर बसलं तरी गार लागत नाही. आणि हा खिसा बघ, अख्खा थर्मास मावतो. शिवणारा शहाणा असला पाहिजे."

त्या खिशाचं माप यानिकने तीन रात्री जागून ठरवलं होतं. इतक्या वर्षांत त्याची तारीफ पहिल्यांदाच कुणी केली होती, त्यामुळे रागावायचं कसं हे त्याला कळेना.

"ते मला परत हवेत," तो म्हणाला. "सगळे. मी तुम्हाला नवीन घेऊन देतो, चांगले, मापाचे."

"मापाचे कोट आहेत घरी," मागून कुणीतरी म्हणालं. "त्यात श्वास घेता येत नाही."

इथे यानिकने दिवसातली सगळ्यात मोठी चूक केली. बायकांनी कोट उतरवावेत म्हणून त्याने त्यांना कोटाची थोरवी सांगितली. हा कोट बाजारात मिळत नाही, पोरं यासाठी हाडं मोडतात, आणि खुद्द ओफेलीच्या अंगावर हाच आहे, असं सगळं. तो बोलत गेला तसतसे बायकांचे हात आपापल्या कोटाची कॉलर घट्ट धरू लागले.

"म्हणजे फार मौल्यवान आहे," फेर्नांद म्हणाली.

"फार."

"मग तर मुळीच देणार नाही."

"बरं, ठेवा. पण उद्या तेवढा टेकडीवर नका घालून येऊ. हात जोडतो."

"उद्या टेकडीवर काय आहे?"

"काही नाही," यानिक म्हणाला. आपण स्वतःच आमंत्रण देऊन बसलो, हे त्याला दाराबाहेर पडल्यावर उमगलं.

शनिवारी ऊन लख्ख होतं आणि थंडी नाकाला झोंबणारी. अंगावर घालायला यानिककडे रेजाँचं जाकीट तेवढं उरलं होतं. पाठीवर हातभर अक्षरांत 'रेजाँ : खिडक्या आणि दारे' असं लिहिलेलं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहायला जागा शोधत होता, पण डोंगरउतारावर भिंत कुठली असणार.

टायलर आधीच हजर होता. त्याने तंबू ठोकला होता, आत नवेकोरे, करकरीत कोट टांगले होते, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कोट फुकट देत होता. पण कुणी घेत नव्हतं. पोरं तंबूवरून जात होती, वाकून बघत होती, आणि आपापल्या चिकटपट्ट्या चाचपत पुढे सरकत होती. ते पाहून यानिकला इतकं भरून आलं की डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठलं.

ओफेली दांड्यावरून घसरत खाली आली आणि त्याच्यासमोर थांबली. "खिडक्या आणि दारे?"

"लांबलचक गोष्ट आहे."

"टायलरला मी संध्याकाळपर्यंत थांब म्हणलंय. नवीन कोट आणलेस का? वर चौघं-पाचजण आहेत, सकाळपासून पडतायत बिचारे."

"आणतो," यानिक म्हणाला. तेवढ्यात वाहनतळावर वृद्धाश्रमाची छोटी बस येऊन थांबली.

दार उघडलं आणि आतून एकामागून एक वाटाण्याचं सूप उतरू लागलं. पुढे फेर्नांद, छातीवर लाल पक्षी. मागे बाकीच्या, हातात कर्लिंगचे झाडू, कारण सकाळचा सराव आटपून त्या सरळ हॉलवरून आल्या होत्या. कुणी पाठीवर चकाकणारी पट्टी शिवली होती, कुणी लेसची कॉलर लावली होती. सगळ्यात शेवटी उगेत उतरली, तीही पिवळ्या कोटात. उतारावरचा गलका एकदम थांबला. दांड्यावर असलेला एक पोरगा बघता बघता खाली पडला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"यानिक," ओफेली अगदी शांतपणे म्हणाली, "हे काय आहे?"

"आईने चुकून... चर्चच्या बाजारात..."

"विकलेस?"

"दोन डॉलरला," फेर्नांदने अभिमानाने माहिती पुरवली.

ओफेलीने हात खांद्यावर नेला. हाड जिथे जुळलं होतं, बरोबर तिथे. "मी सहा आठवडे डाव्या हाताने जेवलेय या कोटासाठी. आणि ही मंडळी दोन डॉलर देऊन आली? मग तुझ्यात नि त्या टायलरमध्ये फरक काय राहिला? तो निदान पैसे तरी घेत नाही."

टायलर सुखाने पुढे सरकला. भोवताली पोरं जमली होती, आणि दोघा-तिघांनी आपल्या कोटाची चेन अर्धी खाली ओढलीसुद्धा होती.

"थांब ग पोरी," फेर्नांद म्हणाली. "कोट मिळायला काय करावं लागतं म्हणे?"

"पडावं लागतं. आणि परत वर जावं लागतं."

"एवढंच?" फेर्नांदने झाडू उगेतच्या हातात दिला आणि कंबरेवर थाप मारली. "मागच्या वर्षी पोस्टाच्या पायऱ्यांवर. खुबा. तीन तुकडे. बरी झाल्यावर पहिली कुठे गेले असेन?"

"कर्लिंगला?"

"पोस्टात! त्याच पायऱ्यांनी. माझं पार्सल राहिलं होतं तिथे."

मागून दुसरी पुढे झाली आणि मनगट दाखवू लागली: गोठ्याचं छप्पर. तिसरी म्हणाली, घोटा, नातवाच्या लग्नात नाचताना, आणि दुसऱ्या नातवाच्या लग्नात पुन्हा नाचले. बघता बघता रांगच लागली. पोरं आधी तोंड दाबून हसत होती, मग हसू थांबलं, आणि मग ती आपल्या बाह्या वर करू लागली.

"हाडात धातूची पट्टी आहे का?" ओफेलीने फेर्नांदला विचारलं. तिला राहवलं नाही.

"पट्टी आणि स्क्रू. टायटॅनियमचे."

"माझेपण टायटॅनियमचे! कुणी केलं? त्या टकल्या डॉक्टरांनी?"

"शीळ घालतात तेच ना?"

"ऑपरेशन करताना शीळ घालतात!" ओफेली किंचाळली आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले. ज्या पोरीला प्रांतभरातले पत्रकार तीन वाक्यांपलीकडे बोलतं करू शकले नव्हते, ती पोस्टाच्या पायऱ्यांची उंची विचारत होती.

"या पास आहेत," शेवटी ओफेलीने जाहीर केलं. "सगळ्या पास." अर्ध्या उघडलेल्या चेन परत वर गेल्या. यानिकने एवढा मोठा श्वास सोडला की खिडक्या आणि दारे ढिली पडली.

पण फेर्नांदचं समाधान झालं नव्हतं. ती जन्मभर शाळेत गणित शिकवायची, आणि उदाहरण अर्धवट सोडणं तिला जमत नसे. "आणि हा?" तिने यानिककडे बोट केलं. "हा कधी पडला?"

"तो पडलाय की," ओफेली म्हणाली. "याच लांब दांड्यावर. म्हणून तर गुडघा गेला आणि कोट शिवायला लागला. सगळ्यांना माहितीये."

"गुडघा?" उगेत म्हणाली. "गुडघ्याला काय झालंय?"

"आई," यानिक म्हणाला.

"डॉक्टरांनी तर त्याच वसंतात सांगितलं होतं, गुडघा ठणठणीत आहे, उद्या हवं तर उड्या मार म्हणून. मी होते ना बरोबर."

"आई, सूप लावून आलीस का गॅसवर?"

"नाही. बंद केलाय." 

सगळ्यांच्या माना यानिककडे वळल्या. खरं तर सांगण्यासारखं फार काही नव्हतं. तो पडला होता, त्याला भीती वाटली होती, आणि मग सात वर्षं तो पायथ्याशी उभा राहून दुसऱ्यांना परत वर जाताना बघत होता. वर जाणारं माणूस त्याला इतकं थोर का वाटायचं, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. टायलरने हलकेच तंबूतला एक कोट काढून ओफेलीसमोर धरला.

ओफेलीने त्या कोटाकडे पाहिलं, मग यानिककडे. "माझ्या स्की घे," ती म्हणाली. "नाहीतर मी याचा कोट घेते."

"तुझे बूट मला होतील?"

"होतील. बघितलेत मी तुझे पाय. चल, काढ त्या खिडक्या."

खिडक्या-दारांचं जाकीट बर्फावर पडलं आणि यानिक स्वेटरवर वर चढू लागला. वरून दांडा होता त्यापेक्षा लांब दिसत होता आणि खालची माणसं होती त्यापेक्षा जास्त. इतक्यात त्याला दिसलं, की म्हाताऱ्या झाडू सरसावून दांड्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी रांगेत उभ्या राहिल्या आहेत.

"काय करताय?" तो ओरडला.

"वाट साफ करतोय! बर्फ भुसभुशीत आहे, अडकशील!" फेर्नांद ओरडली, आणि बायकांनी बर्फ घासायला सुरुवात केली. जन्मभराचा सराव होता. पाहता पाहता वाटेवरचा भुगा उडाला आणि खालचा कडक बर्फ आरशासारखा चकाकू लागला. "ये आता! सोड!"

यानिकने सोडलं. एवढा वेग त्याने आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. दांडा आला कधी आणि गेला कधी हे त्याला कळलंच नाही, कारण तो त्याच्यावर चढलाच नाही. तो वरून उडत गेला, हवेत एकदा आईचं नाव घेतलं आणि टायलरच्या तंबूत जाऊन पडला. तंबू बसला. करकरीत कोटांचा ढीग हलू लागला आणि त्यातून एक हात वर आला.

मग यानिक उठला. त्याने गुडघा चाचपला, आणि तो खरोखरच ठणठणीत होता. त्याने एक स्की उचलली, दुसरी शोधली, आणि कुणाकडेही न बघता पुन्हा टेकडी चढू लागला. तेव्हा जो ओरडा झाला, तो म्हणे चर्चमध्ये मादाम गॅरोंनाही ऐकू गेला. दुसऱ्या खेपेला तो दांड्यावर किती टिकला, यावर गावात अजून वाद आहे. फेर्नांदच्या मते अर्धा दांडा. ओफेलीच्या मते तिने डोळे मिटले तेवढा वेळ. पण तो दांड्यावर होता, याबद्दल कुणाचं दुमत नाही.

तो लंगडत खाली आला तेव्हा ओफेलीने खिशातून चिकटपट्टी काढून दातांनी तोडली. "लावू कुठे? कोट कुठाय तुझा?"

उगेत पुढे आली. तिने अंगातला पिवळा कोट काढून लेकाच्या खांद्यावर टाकला. यानिकने अस्तर पाहिलं. उसवलेलं होतं, आणि आता बारीक, घट्ट टाक्यांनी शिवलेलं होतं. कॉलरची वाकडी शिवण त्याची स्वतःची होती, आयुष्यातली पहिली.

"हा तर माझा आहे."

"बाजारात पिशवीतून निघाला, तेव्हा ओळखला. मला वाटलं, तू सगळंच सोडून दिलंस. शेवटी रेजाँकडे जायचं ठरवलंस." उगेतने त्याची कॉलर सारखी केली. "बरंच वाटायला हवं होतं मला. पण हा दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघवेना. म्हणून मीच घेतला."

यानिकने आईला मिठी मारली. ओफेलीने पट्टी त्याच्या कोपरावर दाबून बसवली, आणि टायलर मुकाट्याने तंबूच्या काठ्या गोळा करू लागला. बराच वेळ उगेत लेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने तोच हात तळवा वर करून त्याच्यापुढे धरला.

"दोन डॉलर," ती म्हणाली.